दुसरी किल्ली: खचलेल्या सहकाऱ्याशी बोलण्याचे एक प्रकरण

हे प्रकरण दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी, बँकेच्या शाखेत घडले. ज्यांच्याविषयी ते आहे त्यांच्या संमतीने मी ते लिहीत आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत. त्यांचा उल्लेख मी ‘हेड कॅशियर’ असाच करणार आहे. गावातले निम्मे खातेदार त्यांना तेवढ्याच नावाने ओळखत.

बँकेच्या कामाशी परिचय नसलेल्यांना एक गोष्ट आधी सांगावी लागेल. शाखेतील रोकड कोणा एकाच्या ताब्यात नसते. तिजोरीला दोन किल्ल्या लागतात, एक हेड कॅशियरकडे असते आणि दुसरी अधिकाऱ्याकडे, आणि दोघे हजर असल्याशिवाय ती उघडतही नाही आणि बंदही होत नाही. दुसरी किल्ली माझ्याकडे होती. शाखेतील इतर नऊ जण त्यांना दिवसभर काउंटरच्या काचेतून पाहत. मी मात्र रोज सकाळी आणि संध्याकाळी रोकड जुळल्यावर पाच-दहा मिनिटे त्यांच्या शेजारी, दोन फुटांवर उभी असे. मला जे दिसले ते या दोन फुटांमुळे दिसले, आणि दिसूनही मी बरेच आठवडे गप्प राहिले याला कोणतीही सबब नाही.

हेड कॅशियर तेव्हा 49 वर्षांचे होते आणि त्यांची नोकरी 24 वर्षांची झाली होती. बदलीमुळे ते गावात खोली घेऊन एकटे राहत आणि शनिवारी शेवटच्या एसटीने घरी, पत्नी आणि मुलीकडे जात. जुलैमध्ये त्यांचे वडील मूत्रपिंडाच्या दीर्घ आजाराने गेले. दिवसकार्य उरकून ते कामावर आले, आम्ही सर्वांनी भेटून दुःख व्यक्त केले आणि आपले कर्तव्य झाले असे मानले.

काय दिसत होते

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते गप्प असणे स्वाभाविकच होते. शोक आणि नैराश्य यांत डॉक्टर जो फरक करतात तो मला पुढे समजला. शोक बहुधा लाटांसारखा येतो. मधल्या काळात माणूस हसतो, जेवतो, गेलेल्याच्या आठवणी सांगतो, आणि त्याचे दुःख गेलेल्या माणसाविषयी असते. नैराश्यात ओहोटी अशी येतच नाही आणि दुःखाचा रोख स्वतःकडे वळतो: मी नालायक आहे, माझ्यामुळे झाले, मी नसलो तरी चालेल. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास असणे किंवा कशातच रस न वाटणे, आणि त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता व हालचालींचा वेग बिघडणे, ही लक्षणे डॉक्टर पाहतात. मी डॉक्टर नाही आणि तेव्हा मला यातले काही ठाऊकही नव्हते. मला दिसत होते ते असे.

नोटा मोजण्याचे यंत्र शेजारी असूनही ते पॅकेट हाताने मोजत, स्पंजवर बोट भिजवून, आणि त्यांचा हात इतका बसलेला होता की यंत्र आणि ते यांची शर्यत लावण्याचा खेळ शिकाऊ पोरे करीत. ऑक्टोबरमध्ये तेच एकेक पॅकेट तीन-तीनदा मोजू लागले. मध्येच थांबत, आकडा विसरत आणि पुन्हा पहिल्या नोटेपासून सुरू करीत. एका संध्याकाळी पाचशेच्या पॅकेटच्या कागदी पट्टीवर त्यांनी सही केली आणि तारीख घातली, तर महिना जुलैचा पडला होता. त्यात काही गूढ शोधण्याचे कारण नव्हते, घाईत असे कोणाचेही होते. पण मी पट्टी बदलायला सांगितली तेव्हा ते तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. दोनदा रोकड पाचशे रुपयांनी कमी भरली आणि नियमाप्रमाणे ती त्यांनी खिशातून भरली. डबा जसा येई तसाच परत जाई. दाढी दोन-दोन दिवस वाढलेली असे. दिवाळीनंतर त्यांनी शनिवारी घरी जाणे सोडले.

शाखेतील प्रत्येकाने यातले काही ना काही पाहिले होते आणि प्रत्येकाने त्याला आपल्या सोयीचे नाव दिले होते. व्यवस्थापकांना ते कामातले दुर्लक्ष वाटले. त्यांनी केबिनमध्ये बोलावून रोकड वारंवार कमी येणे बरे नव्हे अशी समज दिली. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने गाणगापूरला जाऊन येण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याने आपल्या चुलत्याची हकिगत सांगितली, ज्यांनी याहून कितीतरी वाईट दिवस काढले आणि कधी हूं की चूं केले नाही. हे सगळे सद्हेतूनेच झाले, व्यवस्थापकांचे बोलणेसुद्धा. पण या तिन्ही बोलण्यांत एकही प्रश्न नव्हता.

माझ्याकडून प्रश्न आला, आणि तो चुकला. नोव्हेंबरच्या मध्यावर जेवणाच्या सुट्टीत, चार जण डबे उघडून बसलेले असताना मी म्हणाले, “दादा, हल्ली इतके गप्प गप्प का असता? काय झालंय काय?” सगळ्यांच्या माना वर झाल्या. ते हसले, म्हणाले, “काही नाही मॅडम, पित्त झालंय.” दुसऱ्या दिवसापासून ते आमच्याबरोबर जेवायला बसेनासे झाले. मागे वळून पाहता चूक उघड आहे. मी चारचौघांत विचारले, ‘का’ असे विचारले, आणि त्या ‘का’मध्ये खुलासा मागण्याचा सूर होता. उदास माणसाला आपण का उदास आहोत हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. सांगता येत नाही याचीच त्याला लाज वाटत असते, आणि मग पित्त बरे पडते.

तिजोरीपुढची पंचवीस मिनिटे

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी एक फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला. भविष्य निर्वाह निधीवरील नामनिर्देशन, म्हणजे आपल्या मागे पैसे कोणाला मिळावेत याची नोंद, बदलायचे होते. आधीच्या फॉर्मवर पत्नीबरोबर वडिलांचे नाव होते आणि वडील आता नव्हते, त्यामुळे अर्ज पूर्णपणे रास्त होता. “सगळे कागद एकदा नीट लावून टाकतोय,” ते म्हणाले, “मागे कोणाला त्रास नको.” मी हो म्हणून फॉर्म खणात ठेवला आणि तासाभराने ते शेवटचे वाक्य पुन्हा कानात वाजले. त्याच आठवड्यात त्यांनी आपली जुनी हार्मोनियम शिपायाच्या मुलाला देऊन टाकल्याचे कळले. व्यवहार आवरते घेणे आणि जिवापाड जपलेली वस्तू देऊन टाकणे या दोन्ही गोष्टी एकेकट्या निरुपद्रवी असतात. खचलेल्या माणसाच्या बाबतीत त्या एकत्र आल्या तर धोक्याच्या मानाव्यात, असे या क्षेत्रातील लोक सांगतात. मला तेव्हा हे माहीत नव्हते. मी फक्त घाबरले होते.

तो पहिला शनिवार होता. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, पण पहिला पूर्ण दिवस असतो; डे-एंड, म्हणजे दिवसाचे हिशेब बंद करण्याचे काम, होऊन मंडळी निघून गेली. शाखेत आम्ही दोघे आणि दाराशी सुरक्षारक्षक. तिजोरी बंद केल्यावर मी किल्ली पर्समध्ये न टाकता हातातच ठेवली आणि म्हणाले, “दादा, दहा मिनिटं बसू या का? माझं काही काम नाही, तुमच्याशीच बोलायचंय.”

या वेळी मी ‘का’ विचारले नाही. मी पाहिले तेवढेच सांगितले. “दोन महिने पाहतेय. पॅकेट तुम्ही तीन-तीनदा मोजता, डबा तसाच परत जातो, दिवाळीपासून घरी गेला नाहीत. मला काळजी वाटते. चूक काढायची म्हणून सांगत नाहीये.” आणि गप्प बसले. हे गप्प बसणे या सर्व प्रकरणातील सर्वांत अवघड काम होते. बाहेर एसटी स्थानकावरची घोषणा ऐकू येत होती, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता, आणि ‘बरं, जाऊ द्या’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह मला दोन-तीनदा झाला.

मग ते बोलू लागले, तिजोरीच्या दाराकडे पाहत. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. नोटा मोजताना आकडे निसटतात. कशातच राम वाटत नाही. वडिलांना पुण्याला हलवायला आठ दिवस उशीर झाला, तो आपल्यामुळे झाला, कारण मार्च अखेरच्या कामात आपण रजा मागितली नाही. “बायकोला काय सांगू? तिला वाटतं मी घरी यायचं टाळतो. मी टाळतोच. मला तिच्यापुढं बसवत नाही.”

येथे माझ्या तोंडावर एक वाक्य आले होते: अहो, तुमची काय चूक त्यात? ते मी गिळले. ते खरे असले तरी त्या क्षणी त्याचा अर्थ ‘हे बोलणे थांबवा’ एवढाच झाला असता. मी म्हणाले, “हे सगळं तुम्ही पाच महिने एकट्यानं वागवलंत.” त्यांनी मान हलवली. आणि मग मी तो प्रश्न विचारला, जो विचारायचे धाडस व्हावे म्हणून मी दुपारपासून मनात घोकत होते: “दादा, जीव द्यावा असं मनात येतं का?”

असे थेट विचारले तर नसलेला विचार मनात पेरला जाईल ही भीती सार्वत्रिक आहे, आणि ती निराधार आहे. या प्रश्नावरील 13 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. आत्महत्येविषयी विचारल्याने तसे विचार वाढल्याचे त्यांत दिसले नाही, उलट काहींच्या बाबतीत ते कमी होण्याची शक्यता दिसली. आडून विचारण्यात, म्हणजे ‘तसलं काही वेडंवाकडं तर मनात नाही ना?’ असे विचारण्यात, उत्तर आपणच सुचवून ठेवतो. समोरचा ‘नाही’ म्हणतो आणि दोघेही सुटतात.

ते म्हणाले, “सकाळी उठूच नये असं वाटतं. रोज वाटतं.” काही ठरवले आहे का, असे मी विचारले. ठरवलेले नव्हते, पण ‘गेल्या आठवड्यापासून विचार जास्त येतो’ असे त्यांनी सांगितले. “हे कोणाला सांगू नका मॅडम.” मी त्यांना वचन दिले नाही. म्हणाले, “शाखेत कोणाला एक शब्द सांगणार नाही. पण जिवाचा प्रश्न मी एकटी पोटात ठेवू शकत नाही. कोणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.” त्यांनी पत्नीचे नाव घेतले. फोन त्यांनीच लावला, दोन वाक्ये बोलले आणि मग माझ्या हातात दिला.

टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक मी त्याच खुर्चीत बसून लावला. केंद्र सरकारने ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केली. ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. पलीकडच्या समुपदेशक बाईंनी त्यांच्याशी काही वेळ बोलून घेतले आणि मला दोन गोष्टी सांगितल्या: आज रात्री त्यांना एकटे राहू देऊ नका आणि दोन दिवसांत मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.

आज रात्री एकटे राहू न देणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तालुक्याच्या गावात साधा नसतो. मी स्त्री, ते पुरुष, शाखा शनिवारी संध्याकाळी बंद झालेली; सुरक्षारक्षकाने तोवर दोनदा आत डोकावून पाहिले होते. त्यांच्या परवानगीने मी शाखेतल्या एका तरुण लिपिकाला बोलावले, जो त्यांच्याच गल्लीत राहत होता. त्याला इतकेच सांगितले की दादांची तब्येत बरी नाही, वहिनी सकाळच्या गाडीने येतील, तोवर सोबत राहा. त्या मुलाने एकही प्रश्न विचारला नाही. रात्रभर तो खोलीवर त्यांच्यासोबत थांबला, आणि आजही त्याने मला त्या रात्रीबद्दल काही विचारलेले नाही.

उपचार, रजा आणि भत्ता

‘वेड्यांच्या डॉक्टरकडे’ जायला त्यांचा विरोध होता, पण पत्नी आल्यावर तो मावळला. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मनोविकार विभाग असतो हे आमच्यापैकी कोणालाच नीट माहीत नव्हते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 पासून आणि त्याखालील जिल्हा कार्यक्रम 1996 पासून चालू आहे, तरीही. डॉक्टरांनी आधी रक्त तपासले, कारण थायरॉइडचा दोष किंवा ब 12 जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर माणूस असाच मरगळतो. दोन्ही ठीक निघाले. गोळ्या सुरू झाल्या, आणि त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, आधी थोडी मळमळ होईल, हेही डॉक्टरांनी सांगितले.

रजेचा प्रश्न मला वाटला त्याहून नाजूक निघाला. बँकेत आजारपणाची रजा अर्ध्या पगारी असते आणि दुप्पट दिवस खर्ची टाकून ती पूर्ण पगारी करून घेता येते, त्यामुळे पैशाची अडचण नव्हती. अडचण दाखल्याची होती. दाखला व्यवस्थापकांकडून रीजनल ऑफिसला जाणार, तेथून सेवापुस्तकाच्या फायलीत, आणि मग ‘डोक्यावर परिणाम झालेला कॅशियर’ ही ख्याती पुढच्या बदलीच्या गावी आपल्या आधी पोचणार, अशी त्यांची भीती होती. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने रुग्णाच्या माहितीची गुप्तता राखणे डॉक्टरांवर बंधनकारक केले आहे, मानसिक आजारालाही शारीरिक आजारांप्रमाणेच वैद्यकीय विम्याचे संरक्षण असावे असे म्हटले आहे, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिच्यावर खटला चालवू नये असेही म्हटले आहे. कायदा चांगला आहे. मात्र शाखेतील कुजबुजीला त्याचे कोणतेही कलम लागू होत नाही. दाखल्यावर किती लिहायचे हे त्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवले. व्यवस्थापकांना काय सांगायचे ते त्यांनी स्वतः एका कागदावर लिहून दिले: उपचार चालू आहेत, तीन आठवडे रजा हवी आहे, परतल्यावर काही दिवस काम हलके असावे. मी त्यात एक शब्दही वाढवला नाही. व्यवस्थापकांनी दोनदा ‘नक्की झालंय काय?’ असे विचारले. दोन्ही वेळा मी तोच कागद पुढे केला. त्यांनी रजा मात्र तात्काळ मंजूर केली, हेही नोंदवले पाहिजे.

येथे माझी दुसरी चूक झाली. ते परत येण्याआधीच मी व्यवस्थापकांशी बोलून त्यांना कॅशवरून काढून पासबुक आणि चेकबुकच्या काउंटरवर बसवण्याचे ठरवून टाकले. हेतू चांगला होता. पण हेड कॅशियरच्या कामाला विशेष भत्ता असतो आणि ते काम गेले की भत्ताही जातो. शिवाय त्यांच्या दृष्टीने किल्ली काढून घेणे म्हणजे विश्वास काढून घेणे होते. “मॅडम, मला एकदा विचारायचं तरी,” एवढेच ते म्हणाले. मग विचारले. त्यांनी मधला मार्ग सुचवला: किल्ली आणि जबाबदारी त्यांच्याकडेच राहील, मोठ्या रकमेची मोजणी दुसरा कॅशियर यंत्रावर करील आणि गर्दीच्या दिवशी, म्हणजे पेन्शनच्या आठवड्यात, काउंटर दोघे चालवतील. तो सहा आठवडे चालला.

तिसरी चूकही माझीच. मी त्यांना रोज गोळ्यांविषयी विचारू लागले. पाचव्या-सहाव्या दिवशी ते त्रासून म्हणाले, “तुम्ही घरच्यांपेक्षा जास्त विचारता.” तेव्हा असे ठरले की मी फक्त गुरुवारी, चहाच्या वेळी, एकदाच विचारायचे आणि त्यांनी खरे सांगायचे. याचा उपयोग जानेवारीच्या अखेरीस झाला. एका गुरुवारी त्यांनी सांगितले की बरे वाटू लागले म्हणून आठ दिवसांपूर्वी गोळ्या बंद केल्या आणि आता पुन्हा पहाटे जाग येते. नैराश्यावरची औषधे बरे वाटल्यानंतरही काही महिने घ्यावी लागतात आणि ती बंद करायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू करायची असतात. मी हे व्याख्यान दिले नाही, फक्त डॉक्टरांना फोन लावून देऊ का असे विचारले. रोज विचारत राहिले असते तर त्यांनी ‘चालू आहेत’ असे सांगून मला वाटेला लावले असते, याविषयी मला शंका नाही.

शाखेबाहेरचे आकडे

बंगळूरच्या निमहान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण चित्र वेगळे असण्याचे कारण नाही. दर 20 प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येते आणि नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे 85 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नाहीत, असे त्यात आढळले. आमच्या शाखेत 11 माणसे होती. या 85 टक्क्यांत ‘पित्त झालंय’ म्हणणारे किती असतील, याचा विचार मी अनेकदा केला आहे. ‘डिप्रेशन’ हा शब्द आता कोणीही सामना हरल्यावरसुद्धा वापरतो, पण ज्याला ते खरोखर आलेले असते तो माणूस हा शब्द क्वचितच उच्चारतो. तो म्हणतो मन लागत नाही, जीव उडून गेलाय, अंगात त्राण नाही.

मी उपचार केले नाहीत, निदान केले नाही आणि त्यांच्या वडिलांच्या मृत्यूविषयीचा अपराधभावही माझ्या बोलण्याने गेला नाही. तो समुपदेशकांकडे आठ-नऊ बैठका झाल्यावर सैल झाला, असे ते सांगतात. माझ्या वाट्याचे काम तिजोरीपुढच्या पंचवीस मिनिटांचे आणि नंतरच्या गुरुवारांचे होते. ते मी नोव्हेंबरच्या सुरुवातीला करू शकले असते.

मार्च अखेरच्या धांदलीत एक दिवस ते माझ्या टेबलापाशी आले आणि नामनिर्देशनाच्या फॉर्मचे काय झाले, असे त्यांनी विचारले. फॉर्म चार महिने माझ्या खणातच होता. तो पुढे पाठवायला माझा हात धजला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिले, समोर खातेदार नाही याची खात्री केली आणि हळू आवाजात तोच जुना प्रश्न पुन्हा विचारला.

“नाही मॅडम,” ते म्हणाले. “विचारलंत ते बरं केलंत. पण नाही. मुलीला अठरा पूर्ण झालीत, तिचं नाव घालायचंय. तो जुना फाडा, मी नवीन भरून देतो.”

नवा फॉर्म त्यांनी तेथेच उभ्याने भरला. तारखेच्या चौकटीपाशी क्षणभर थांबून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले, तारीख घातली, आणि मी तो त्याच दिवशीच्या टपालात रीजनल ऑफिसला पाठवला.